सहा क्लाउन लोच, सहा फुटी टाकी

ॲक्वेरियमच्या दुकानात क्लाउन लोच हा मासा दिसतो तेव्हा तो बोटभर असतो. केशरी अंगावर तीन काळे पट्टे, लालसर पर, खाली वळलेलं मिशाळ तोंड. शेजारच्या टाकीत गोगलगायी माजल्या असतील तर दुकानदार सांगतोच, "एक घेऊन जा, सगळ्या फस्त करतो." करतो हे खरं. पण तो एकटा राहत नाही, बोटभरही राहत नाही, आणि नीट ठेवला तर वीस वर्षं सहज जगतो. आज पाच सेंटिमीटरचा असलेला मासा घरच्या टाकीत २० सेंटिमीटरपर्यंत जातो. निसर्गात ३० सेंटिमीटरचेही सापडतात. म्हणून हा मासा घ्यायचा की नाही हे दुकानात ठरवायचं नसतं. ते घरी, टेप आणि कॅल्क्युलेटर घेऊन ठरवायचं.

हा मासा मूळचा इंडोनेशियातल्या सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवरच्या नद्यांमधला. सुमात्रातल्या मुसी आणि बातांग हारी, बोर्निओतली कापुआस ही त्याची घरं. डच मत्स्यशास्त्रज्ञ ब्लीकर यांनी १८५२ मध्ये त्याचं वर्णन केलं. दीड शतक तो बोटिया प्रजातीत गणला गेला, आणि २००४ मध्ये स्विस मत्स्यशास्त्रज्ञ कॉटलॅट यांनी त्याच्यासाठी क्रोमोबोटिया ही स्वतंत्र प्रजाती केली. त्या प्रजातीत तो एकटाच आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला मोठे मासे नदीतून वर चढून पुराच्या पाण्यात अंडी घालतात, आणि पिल्लं त्या पाणथळ भागातून पकडली जातात. मत्स्यशेतांवर हार्मोनचं इंजेक्शन देऊनही पिल्लं काढतात. घरच्या टाकीत वीण झाल्याची उदाहरणं अगदीच विरळ, तेव्हा ती आशा धरू नये.

सहापेक्षा कमी नको

कळपात राहणारे मासे आपण टेट्राच्या रूपात पाहिलेले असतात: सगळे एका दिशेनं, सगळे सारखे. लोचचं तसं नसतं. त्यांच्यात पायरी असते. एक मासा, बहुधा मोठी मादी, वरचढ असतो. त्याच्याखाली बाकीच्यांची उतरंड लागते आणि ती अधूनमधून नव्यानं ठरते. दोन मासे शेजारी शेजारी येऊन एकमेकांना रेटतात, गोल फिरतात, आणि दोघांचाही केशरी रंग फिका पडून अंग करडं दिसायला लागतं. पहिल्यांदा पाहणारा घाबरून औषधाची बाटली शोधतो. अर्ध्या तासात रंग परत येतो. एखादी मिशी तुटली किंवा पराला चीर पडली तरी स्वच्छ पाण्यात ती आपोआप भरते.

ही उतरंड तीन माशांत नीट बसत नाही. तिघांत एक दादा होतो, एक त्याचा सोबती, आणि तिसरा कायम कोपऱ्यात. तो नीट खात नाही, बारीक होतो आणि आजार आला की पहिला तोच पडतो. सहा असले की दादाचं लक्ष वाटलं जातं. आठ-दहा असले तर उत्तमच, पण मग टाकी त्या हिशेबानं. सगळे एकदमच आणावेत. दोन आज, दोन दिवाळीला असं केलं तर प्रत्येक वेळी उतरंड मोडते आणि नव्यांना मार बसतो. थोडा मोठा असा एक मासा मिळाला तर घ्यावा, वरची जागा आधीच ठरून जाते.

एकटा लोच दिवसभर लाकडाखाली दडून राहतो आणि मालक म्हणतो, "हा निशाचर आहे." कळप पूर्ण असेल, प्रकाश मंद असेल, तर हेच मासे भर दुपारी टाकीभर फिरतात. खाताना टकटक असा स्पष्ट आवाज काढतात, बाहेर खोलीत ऐकू येईल एवढा. आणि कुशीवर आडवे पडून झोपतात, कधी कधी चक्क पाठीवर. मेला समजून जाळी घालणाऱ्यांनी आधी कल्ल्यांची हालचाल पाहावी.

टाकी आणि तिचं वजन

पूर्ण वाढलेल्या सहा माशांसाठी ६ × २ × २ फूट ही मी किमान टाकी धरतो. लांबी आणि रुंदी महत्त्वाची, उंची नाही. दीड फूट रुंदीच्या टाकीत २० सेंटिमीटरच्या माशाला वळता येतं, पण सहा जणांना एकमेकांपासून सुटका मिळत नाही. "आधी तीन फुटी घेऊ, मोठे झाले की बदलू" हा बेत कागदावर ठीक असतो. वाढ पहिल्या १०-१२ सेंटिमीटरपर्यंत भराभर होते आणि नंतर मंदावते, त्यामुळे बदलायची वेळ दोनेक वर्षांतच येते. त्या वेळी मोठी टाकी घेतली गेली नाही तर खुरटलेले, ताणलेले मासे घरात राहतात. मोठी टाकी आधीच घ्यावी, मासे नंतर.

आता हिशेब. दोन फूट उंचीला काच १२ मिलिमीटर हवी, वरच्या कडेला लांबीभर पट्ट्या आणि मध्ये किमान एक आडवी पट्टी. एवढ्या काचेचं वजन जवळपास १२० किलो होतं. पाणी वरून पाच-सहा सेंटिमीटर खाली ठेवलं आणि वाळू-लाकडाची जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी ५२० लिटरच्या आसपास. चार सेंटिमीटर वाळूचे ६५ किलो. लोखंडी चौकोनी पाइपचा स्टँड, झाकण, लाकूड, दगड धरून आणखी शंभरेक. एकूण आठशे किलो.

हे आठशे किलो फक्त १.१ चौरस मीटरवर उभे राहतात. राहत्या खोल्यांच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात २ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे सुमारे २०० किलो भार धरलेला आहे. तो भार सगळ्या खोलीवर पसरलेला असा धरतात, म्हणून टाकी ठेवली की स्लॅब लगेच खचेल असं नाही. तरीही खोलीच्या मधोमध एवढं वजन ठेवणं हा वेडेपणा आहे. तुळईच्या वर किंवा तुळईला लागून असलेल्या भिंतीकडे, आणि शक्य तर तळमजल्यावर. बाल्कनीत, म्हणजे एका बाजूनं लटकलेल्या स्लॅबवर, कधीही नाही. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच पुढे जावं. त्याची फी टाकीच्या काचेपेक्षा कमी असते.

स्टँडवर १८ मिलिमीटरची वॉटरप्रूफ प्लाय, तिच्यावर फोमचा थर, मग टाकी. पाणी अर्ध्यावर आलं की लेव्हल पुन्हा तपासावी. कोपऱ्यांत तीन-चार मिलिमीटरचा फरक दिसला तर टाकी रिकामी करून पाचर घालायची. भरलेल्या टाकीखाली पाचर ठोकणं म्हणजे काचेला तडा जाण्याचं आमंत्रण.

झाकण पूर्ण हवं. लोच उडी मारतात, विशेषतः पहिल्या आठवड्यात आणि रात्री. पाइप आत येतात ती भोकंही स्पंजनं बुजवावीत.

तळ आणि लपायच्या जागा

लोच तोंडानं वाळू उपसतो, मिशांनी चाचपतो, पोट घासत फिरतो. धारदार तळावर मिशा झिजतात आणि पोटाला जखमा होतात. आपल्याकडे नदीची वाळू मिळणं अवघड झालंय आणि बांधकामावरची जी वाळू हाताशी येते ती बहुतेक वेळा क्रश सँड, म्हणजे फोडलेला काळा दगड. तिच्या कडा तीक्ष्ण असतात, ती टाकीत नको. जलशुद्धीकरणाच्या फिल्टरमध्ये वापरतात ती गोल कणांची सिलिका वाळू, अर्धा ते एक मिलिमीटरची, सगळ्यात सोयीची. बादलीत नळी सोडून पाणी निवळ येईपर्यंत धुवायची. नदीची वाळू मिळालीच तर मूठभर वाळूवर व्हिनेगर टाकून पाहावं. बुडबुडे आले तर तिच्यात शिंपल्यांचा चुरा आहे आणि ती पाणी जड करणार.

लपायला पीव्हीसी पाइपाइतकं चांगलं काही नाही. दिसायला बोजड आहे, कबूल. पण लाकडाच्या मागे ठेवला की दिसत नाही. लहान माशांना ७५ मिलिमीटर व्यासाचा, मोठे झाल्यावर ११० चा, तुकडे एक-एक फुटाचे आणि दोन्ही टोकं सॅंडपेपरनं घासून गुळगुळीत केलेली. लोचना अंगाला अंग लागेल अशी अडचणीची जागा आवडते. सहा जणांना सहा पाइप दिले तरी चार जण एकातच कोंबून घेतील. मात्र माशांपेक्षा जागा जास्त असली की मारामारी कमी होते.

अडचण आवडते म्हणूनच अपघातही होतात. सिरॅमिकच्या शोभेच्या किल्ल्यातली खिडकी, दगडांमधली निमुळती फट, पोकळ लाकडाचं भोक: मासा आत घुसतो, डोळ्याखाली एरवी मिटलेला असतो तो काटा उघडतो आणि त्याला मागे येता येत नाही. आरपार नसलेलं किंवा पुढे निमुळतं होत जाणारं प्रत्येक भोक बंद करावं. फिल्टरच्या इनटेकला स्पंज लावावा, सम्प (टाकीखालची फिल्टरची टाकी) असेल तर त्याच्या ओव्हरफ्लोला, म्हणजे पाणी खाली उतरतं त्या तोंडाला, बारीक जाळीचा कंगवा. मासे मोजताना एक कमी भरला तर आधी ओव्हरफ्लोचा डबा आणि कॅनिस्टर (बंद डब्याचा फिल्टर) उघडून पाहायचं. हिटरलाही जाळीचं कव्हर हवं. लोच हिटर आणि काचेच्या फटीत जाऊन झोपतो आणि अंग भाजून घेतो.

झाडांपैकी लाकडाला बांधलेलं अनुबियास आणि जावा फर्न टिकतं. ॲमेझॉन स्वोर्डच्या पानांना हे मासे गोल भोकं पाडतात. नाजूक देठाची झाडं एका रात्रीत तरंगताना दिसतात.

पाणी, प्रवाह, वीज

हा नदीचा मासा आहे. पाणी हलतं आणि प्राणवायूनं भरलेलं हवं. ताशी सहा ते आठ पट फिरवण, म्हणजे या टाकीला ताशी ३१०० ते ४२०० लिटर. पंपाच्या खोक्यावरचा आकडा पाणी वर चढवायची उंची आणि फिल्टरमध्ये भरलेलं माध्यम (स्पंज वगैरे) नसताना मोजलेला असतो, म्हणून पंप एक मापानं मोठा घ्यावा. सम्प असेल तर उत्तम, नाहीतर दोन कॅनिस्टर, आणि प्रवाहासाठी एका टोकाला पावरहेड. टाकीच्या एका भागात प्रवाह जोरात आणि दुसऱ्या भागात शांत असा फरक ठेवला की मासे आपापली जागा निवडतात.

लोच कच्च्या टाकीत, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू अजून वाढलेले नाहीत अशा टाकीत, सोडू नयेत. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसायला लागल्यावरही, दोन-तीन महिने साध्या, काटक माशांवर टाकी चालवून मगच यांना आणावं. तापमान २६ ते ३० अंश, पीएच ६ ते ७.५, नायट्रेट लिटरला २० मिलीग्रॅमच्या आसपास किंवा खाली. यातला नायट्रेटचा आकडा लोक सर्वात जास्त दुर्लक्षितात. मासे मरत नाहीत, पण खाणं कमी होतं, रंग मळकट होतो आणि वाढ थांबते. दर आठवड्याला ३५ ते ४० टक्के पाणी बदल, म्हणजे या टाकीचं २०० लिटर. एक निळं पिंप. जुनं पाणी बागेला किंवा कुंड्यांना घालावं, झाडं खूश होतात.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतंच. २०० लिटरच्या पिंपात दोन ग्रॅम सोडियम थायोसल्फेट एक मिलीग्रॅम प्रति लिटरपर्यंतच्या क्लोरीनला पुरतं. पावसाळ्यात आणि टँकरच्या पाण्यात क्लोरीनचं प्रमाण बरंच वाढतं, म्हणून क्लोरीनच्या पट्ट्या जवळ ठेवून त्यानुसार मात्रा वाढवावी. मुंबईचं तलावाचं पाणी मऊ असतं. त्यात लाकूड आणि भरपूर खाणं असलं की क्षारता संपते आणि पीएच घसरतो. सम्पमध्ये दोन-तीनशे ग्रॅम कोरलचा चुरा पिशवीत ठेवला की सावरतो. पठारावर, बेसॉल्टमधल्या बोअरच्या पाण्याचं उलट: ते जड असतं आणि शेतीपट्ट्यात त्यात नायट्रेटही मुळातच असू शकतं. अशा ठिकाणी बोअरचं आणि आरओचं पाणी मिसळावं. आरओच्या नळीतून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र वाचवलं म्हणून टाकीत घालू नये, सगळे क्षार त्यातच साठलेले असतात.

थंडीत पुणे-नाशिककडे रात्री टाकी २० अंशांपर्यंत उतरू शकते, आणि व्हाइट स्पॉटला (अंगावर पांढरे ठिपके आणणाऱ्या परजीवीच्या रोगाला) तेवढं पुरतं. ३०० वॉटचे दोन हिटर टाकीच्या दोन टोकांना लावावेत. एकच ६०० वॉटचा का नको? त्याचा थर्मोस्टॅट चालू अवस्थेत अडकला तर मासे शिजतील. ३०० चा अडकला तर पाणी इतकं झपाट्यानं तापत नाही, आणि एखादा बंद पडला तरी दुसरा धरून ठेवतो.

उन्हाळा विदर्भ-मराठवाड्यात जास्त कठीण. पाणी २५ अंशांवर असताना त्यात लिटरला सव्वाआठ मिलीग्रॅम प्राणवायू मावतो, ३० वर साडेसात, ३४ वर सातच्या आसपास. माशाची गरज मात्र तापमानाबरोबर वाढते. झाकणाऐवजी जाळी लावून पृष्ठभागावर पंखा सोडला तर कोरड्या हवेत दोन ते तीन अंश उतरतात. कोकणच्या दमट हवेत एवढा फरक पडत नाही. पंख्यामुळे उडालेलं पाणी भरताना आरओचं भरावं, नाहीतर क्षार साचत जातात.

लोडशेडिंगसाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि त्यावर एक स्पंज फिल्टर कायम लावून ठेवावा. वीज दोन-तीन तासांपेक्षा जास्त गेली असेल तर बंद कॅनिस्टर थेट सुरू करू नये. आतले जिवाणू प्राणवायूअभावी मरायला लागलेले असतात आणि पाणी सडकं झालेलं असतं. ते ओतून टाकून, माध्यम टाकीच्याच पाण्यात हलकं खळबळून मग सुरू करावं.

विकत घेताना, आणि पहिला महिना

निरोगी क्लाउन लोचचं पोट गोल असतं आणि डोक्यामागचा भाग भरलेला. वरून पाहिलं तर खांदे दिसले पाहिजेत. पाठ सुरीच्या धारेसारखी झालेली, डोक्यामागे खळगा पडलेला मासा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. दुकानदाराला समोर खायला घालायला सांगावं. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके एकावरही असतील तर ती सगळीच टाकी सोडून द्यावी, आणि मासे आजच आले असतील तर आठवडाभरानं पुन्हा जावं. पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा लहान पिल्लं प्रवासाच्या ताणात फार मरतात. सहा-सात सेंटिमीटरची थोडी महाग पडली तरी घ्यावीत.

पिशव्या दुहेरी हव्यात. काट्यानं पिशवीला भोक पडतं. वरच्या पिशवीचे कोपरे रबरबँडनं बांधून गोल केले तर मासा कोपऱ्यात अडकत नाही.

वेगळ्या टाकीत चार आठवडे हे बंधनकारक समजावं. अडीच फुटी, ७५ लिटर पाण्याची साधी टाकी, तळ उघडा, चार पाइप, हिटर, आणि मोठ्या टाकीत महिनाभर चालवून पिकवलेला स्पंज फिल्टर. दिवा बंद. पहिले दोन दिवस खात नाहीत, घाबरू नये.

व्हाइट स्पॉट क्लाउन लोचना इतर माशांपेक्षा आधी धरतो. त्यांचे खवले अगदी बारीक, जवळजवळ नसल्यासारखे. त्यामुळे औषधही अंगात लवकर भिनतं. परजीवी माशाच्या कातडीखाली असताना कुठलंच औषध त्याला लागत नाही. तो गळून तळाशी जातो, तिथे फुटून पिल्लं पोहत बाहेर येतात, तेव्हाच मरतो. पाणी गरम केलं की हे चक्र लवकर फिरतं, म्हणून तापमान हळूहळू, दिवसाला एक-दोन अंशांनी, ३० पर्यंत न्यायचं आणि हवा वाढवायची. मॅलेकाइट ग्रीनचं औषध बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मं, पुढची मात्रा देण्याआधी पाव टाकी पाणी बदलून, फिल्टरमधला कार्बन काढून ठेवून. तांब्याची औषधं टाळावीत. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही आठवडाभर उपचार सुरू ठेवायचे. बहुतेक लोक ठिपके गेले की थांबतात आणि दहा दिवसांत पुन्हा सगळं पहिल्यापासून. मेथिलीन ब्लू मुख्य टाकीत टाकू नये, फिल्टरचे जिवाणू मरतात.

दुसरा नेहमीचा त्रास म्हणजे खात असूनही वाळत जाणं. निसर्गातून पकडलेल्या माशांच्या आतड्यात गोल जंत असतात. यावर लेव्हामिसोल चालतं: लिटरला दोन मिलीग्रॅम, म्हणजे ७५ लिटरला १५० मिलीग्रॅम, २४ तास, अंधारात, कारण प्रकाशात ते निकामी होतं. जंत मरत नाहीत, लुळे पडून बाहेर येतात. म्हणून २४ तासांनी तळ सायफननं स्वच्छ करून निम्मं पाणी बदलायचं, नाहीतर मासे तेच पुन्हा खातील. दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा. चपट्या जंतांवर याचा उपयोग नाही, त्यासाठी प्रॅझिक्वांटेल लागतं. वाळलेल्या माशाला एकदम भरपेट न घालता दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्यावं.

खाणं

मुख्य अन्न बुडणाऱ्या गोळ्यांचं, अर्धं प्राणिज. त्यावर आठवड्यातून दोन-तीनदा फ्रोझन ब्लडवर्म, सोललेली कोळंबी, धुतलेली गांडुळं. गांडुळं शेणखताच्या ताज्या ढिगातली नकोत. बाजारातले जिवंत ट्यूबिफेक्स किडे गटाराच्या कडेनं गोळा होतात, ते मी कुणालाच सुचवणार नाही. काकडीच्या चकत्या, वाफवलेला दुधी आणि दोडका आवडीनं खातात. काट्याचमच्यात अडकवून तळाशी सोडावं आणि उरलेलं बारा तासांत काढावं. गोगलगायी हा खाऊ. त्यासाठी छोट्या भांड्यात वेगळ्या पोसाव्यात, कारण मुख्य टाकीतल्या महिन्याभरात संपतात. दिवा बंद करायच्या थोडं आधी दोन-तीन ठिकाणी खाणं टाकलं तर खालच्या पायरीवरच्या माशालाही मिळतं.

काटा

डोळ्याखाली एक दुहेरी काटा असतो, एरवी खोबणीत मिटलेला. घाबरला की उघडून अडकून राहतो. जाळीत अडकला तर मासा ओढू नये, जाळी कात्रीनं कापावी. पकडायचा सोपा मार्ग म्हणजे पाइप: मासे आत असताना दोन्ही टोकांना तळहात लावून पाइपासकट उचलायचा. टोचलं तर चांगलंच दुखतं, म्हणून जाड रबरी हातमोजे.

सोबती, आणि जवळचे भाऊबंद

मोठे रास्बोरा, रेनबो, पर्ल गोरामी, टिनफॉइल बार्ब चालतात. लांब परांचे मासे, गोल्डफिश आणि दांडगे सिक्लिड नकोत. लाल शेपटीचा निळसर बोटिया आणि टायगर लोच हे यांचेच नातेवाईक, पण तापट. रंगीत सुईनं रंगवलेले फिकट बोटिया दुकानात दिसतात, ते घेऊन त्या धंद्याला हातभार लावू नये.

सहा फुटी टाकी शक्यच नसेल तर क्लाउनचा हट्ट सोडून आपल्याकडचे बोटिया पाहावेत. उत्तर बंगाल आणि आसामकडचा दारिओ, हिमालयाच्या पायथ्याचा अल्मोडी. यांना चार फुटी टाकी आणि २३ ते २६ अंश पाणी हवं, त्यामुळे क्लाउनच्या गरम टाकीत ते नीट राहत नाहीत. झेब्रा लोच, म्हणजे बोटिया स्ट्रायाटा, तर सह्याद्रीतलाच. १९२० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ नारायण राव यांनी त्याचं वर्णन केलं. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कृष्णा खोऱ्यातल्या नद्यांमध्ये तो सापडतो, आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संस्थेच्या यादीत संकटग्रस्त आहे. आठ-नऊ सेंटिमीटरवर वाढ थांबते, स्वभाव शांत, सात-आठ जणांना तीन-साडेतीन फुटी टाकी पुरते. तो घेताना मासा पैदाशीचा आहे की नदीतून धरलेला हे दुकानदाराला विचारावं, आणि उत्तर गोलमाल आलं तर दुसरीकडे जावं. आणि घरातला कुठलाही लोच, परदेशी असो वा सह्याद्रीतला, नको झाला म्हणून नदीत किंवा तळ्यात सोडू नये. मोठ्या टाकीवाला दुसरा छंदी शोधावा. पूर्ण वाढलेले क्लाउन घ्यायला माणसं असतात.